सतराव्या लोकसभेला पाच वर्षं उपाध्यक्षच नव्हता, याचं कुणाला काही वाटतं का?

टिकोजी
2019 ते 2024 या टर्मबद्दल बोलताना लोक भाजपच्या 303 जागांचा आकडा, नवीन संसद भवन, महिला आरक्षण एवढ्यावर थांबतात. पण 19 जून 2019 ला ओम बिर्ला बिनविरोध अध्यक्ष झाले आणि त्यानंतर टर्म संपेपर्यंत उपाध्यक्ष निवडलाच गेला नाही, लोकसभेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. घटनेचं कलम 93 म्हणतं की सभागृहाने शक्य तितक्या लवकर दोन सदस्यांना अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून निवडावं. दोघांसाठी एकच वाक्य आहे हो! मग त्यातला अर्धा भाग पहिल्याच अधिवेशनात आणि उरलेला अर्धा कधीच नाही, हे कसं काय? त्याआधीच्या टर्मला सुमित्राताई महाजन अध्यक्ष आणि थंबीदुराई उपाध्यक्ष अशी जोडी होतीच की, आणि तेव्हाही भाजपला स्वबळावर बहुमत होतंच.

घड्याळजी
बरं मग अडलं काय, सांगा ना. अध्यक्ष नसतील तेव्हा तालिका अध्यक्ष बसतात, दहा जणांपर्यंत पॅनेल असतं, त्यात विरोधी पक्षाचे खासदार पण असतात. बिलं पास झाली, बजेट पास झालं. आणि उपाध्यक्षपद "विरोधकांना द्यायची परंपरा" आहे असं लोक म्हणतात, ती काही पहिल्यापासूनची नाहीये, आपले र. के. खाडिलकर 1967 ला उपाध्यक्ष झाले ते काँग्रेसचेच होते आणि सरकारही काँग्रेसचंच. 1985 ला हेच थंबीदुराई झाले तेव्हा अण्णाद्रमुक राजीव गांधींच्या सोबत होता. म्हंजे सोयीची परंपरा सगळ्यांचीच.

टिकोजी
खाडिलकरांचं बरोबर. पण 1990 नंतरची यादी बघा, शिवराज पाटील (सरकार व्ही. पी. सिंगांचं), मग मल्लिकार्जुनय्या, सईद, करिया मुंडा, बहुतेक सगळे समोरच्या बाकांवरचे. मुद्दा तर पक्षाचा पण नाही, मला सत्ताधारी उपाध्यक्ष पण चालला असता, निवडा तरी! आणि तालिका अध्यक्ष म्हणजे अध्यक्षांनी नेमलेला माणूस, उपाध्यक्ष म्हणजे सभागृहाने निवडलेला. त्याला काढायचं तर ठराव लागतो, तो अध्यक्षांच्या हाताखाली नसतो. अजून एक, अध्यक्षाला राजीनामा द्यायचा असेल तर घटनेप्रमाणे तो उपाध्यक्षाकडे द्यायचा असतो. इथे द्यायचा कुणाकडे?

मुक्काम पोस्ट
अडलं काय विचारताय तर 2002 आठवा. तेव्हाचे अध्यक्ष बालयोगी मार्चमध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले, ऐन बजेट अधिवेशन. मे महिन्यात मनोहर जोशी अध्यक्ष होईपर्यंत सभागृह उपाध्यक्ष सईदांनी चालवलं, ते काँग्रेसचे आणि सरकार वाजपेयींचं, आणि काही बिघडलं नाही. दोन्ही खुर्च्या रिकाम्या असत्या तर तालिका अध्यक्षांना पण बसता येत नाही, राष्ट्रपतींनी कुणाला तरी नेमावं लागतं, तो नेमताना सल्ला कुणाचा चालेल हे सांगायला नकोच. स्टेपनी वापरली नाही म्हणून कुणी काढून फेकत नाही.

घड्याळजी
स्टेपनीचं म्हणाल तर महाराष्ट्रात बघितली की. पटोलेंनी फेब्रुवारी 2021 ला विधानसभा अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, जुलै 2022 ला नार्वेकर येईपर्यंत उपाध्यक्ष झिरवाळ साहेबच सगळं बघत होते, आणि जून 2022 ला त्यांनी शिवसेनेच्या 16 बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या, तिकडून त्यांनाच हटवायची नोटीस, प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात. उपाध्यक्ष असल्यामुळे काय ते शांतपणे पार पडलं का?

टिकोजी
झिरवाळ तेव्हाच्या सत्ताधारी आघाडीचेच होते, म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूने जातंय. आणि तिथे पण मूळ दुखणं तेच, अध्यक्षाची खुर्ची दीड वर्ष रिकामी ठेवली. जी खुर्ची रिकामी ठेवाल तिथूनच भांडण सुरू होतं.

नाममात्र
मला वाटतं उपाध्यक्ष हा एक तुकडा झाला, पूर्ण टर्मच तशी होती. काँग्रेसचे 52, तीन कमी पडले म्हणून विरोधी पक्षनेता नाही, अधीर रंजन नुसते गटनेते. (10 टक्के हवेत ही अट घटनेत नाहीये बरं का.) डिसेंबर 2023 ला लोकसभेचे 100 खासदार निलंबित, आणि त्यातच 20 तारखेला तिन्ही फौजदारी कायदे आवाजी मतदानाने मंजूर. एवढे मोठे कायदे आणि समोरची बाकं रिकामी. उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा असता तर निलंबन थांबलं असतं असं मी म्हणत नाही, पण अध्यक्षांच्या दालनात दुसरं मत मांडायला निवडलेला माणूस तरी असता.

घड्याळजी
फलक घेऊन वेलमध्ये (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरायचं आणि मग बाकं रिकामी म्हणायचं, हे पण बरंय. आणि तुम्ही लोक म्हणणार कलम 93 मध्ये 60 दिवसांची मुदत घाला वगैरे. मुदतीने काय होतं? पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यावी असं लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पुण्याचे खासदार गिरीश बापट 29 मार्च 2023 ला गेले, पुण्याला पुढच्या निवडणुकीपर्यंत खासदार नव्हता. खासदार धानोरकर गेल्यावर चंद्रपूर पण तसंच.

टिकोजी
पुण्याचं बरं काढलंत! तिथे मुदत लिहिलेली होती म्हणूनच एक मतदार हायकोर्टात गेला आणि डिसेंबर 2023 ला कोर्टाने निवडणूक आयोगाला झापून निवडणूक घ्या म्हणून सांगितलं. जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली कारण सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती, पण निदान आयोगाला उत्तर द्यावं लागलं. लोकसभा उपाध्यक्षाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाची केंद्राला नोटीस फेब्रुवारी 2023 मध्येच निघाली होती आणि तरी टर्म संपून गेली. "शक्य तितक्या लवकर" मोडलं हे कुठल्या तारखेला सिद्ध करायचं, तुम्हीच सांगा.