क्रीम न घालता क्रीमी पास्ता
क्रीमऐवजी दही घातलं तर सॉस फाटला, असं तुम्ही लिहिलंय. तो फाटतो आचेमुळे. गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि मगच घोटलेलं दही घाला.

मला मात्र फ्लॉवर जास्त आवडतो. 200 ग्रॅम पास्त्याला साधारण तेवढेच तुरे, बोटाने चिरडतील इतके मऊ शिजवायचे. अर्धा कप दूध आणि परतलेला लसूण घालून मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढायचे. पास्ता शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका हो! त्यातल्या स्टार्चमुळेच सॉस दाट होऊन पास्त्याला धरून राहतो. कपभर बाजूला ठेवा, लागेल तसं पळीपळीने घाला. चमचा फिरवल्यावर कढईच्या तळाशी वाट उमटून हळूहळू मिटली की झालं. चीज थोडंच, शेवटी, किसून.