अ‍ॅक्सेंट खरंच कळत नाही की ऐकायचंच नसतं?

कानसेन
टीममध्ये एक व्हिएतनामी इंजिनिअर आहे, इंग्रजी चांगलं आहे त्याचं, फक्त शब्दाच्या शेवटची व्यंजनं खातो, त्यामुळे फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. मला सुरुवातीला जरा कान टवकारावे लागतात, मग कळतं सगळं. पण दोघंजण असे आहेत की त्याने माइक ऑन केला रे केला की "जाऊ दे, मेल टाक". हा कानाचा प्रॉब्लेम की डोक्याचा?

उगाच_एक
बराचसा डोक्याचा. डोनाल्ड रुबिनचा 1992चा प्रयोग बघ. अमेरिकन विद्यार्थ्यांना रेकॉर्ड केलेलं एकच लेक्चर ऐकवलं, बोलणारी अमेरिकनच, फक्त फोटो कुणाला गोऱ्या बाईचा दाखवला कुणाला आशियाई बाईचा. आशियाई फोटोवाल्यांना आवाजात नसलेला परदेशी अ‍ॅक्सेंट ऐकू आला आणि लेक्चरही कमी समजलं!! आवाज तोच हां.

तिरपा_डोळा
थांबा, लगेच सगळं पूर्वग्रहावर ढकलू नका. मॅकगोवनने 2015 मध्ये उलटं करून बघितलं, गोंगाटात चिनी अ‍ॅक्सेंटचं इंग्रजी ऐकवलं, तर चिनी चेहरा दिसला तेव्हा लोकांनी जास्त बरोबर लिहून काढलं. म्हणजे चेहरा आणि आवाज जुळले की मदतच होते. आणि अनोळखी अ‍ॅक्सेंटला सुरुवातीला मेहनत लागतेच, ते काही नाटक नसतं. पण कान लवकर सरावतो, कधीकधी मिनिटभरात, तेवढं थांबलं तर.

रात्रपाळी
तेवढं थांबतच नाहीत ना! लिंडेमनच्या 2002च्या अभ्यासात कोरियन लोक नकाशावरचा रस्ता सांगत होते आणि अमेरिकन जोडीदाराने तो काढायचा होता. ज्यांचं कोरियन लोकांबद्दल मत आधीच वाईट त्यांच्यातले काही प्रश्नच विचारेनात, अडलं तरी गप्प, मग रस्ता चुकणारच. आणि गंमत म्हणजे वाईट मतवाल्यांपैकी ज्यांचं जमलं तेही म्हणे संवाद फसला.
कानसेन, त्या दोघांना "समजलं नाही" म्हणू देऊ नकोस, नेमकं काय नाही समजलं ते विचारायला लाव. "फिफ्टीन म्हणालास का, वन फाइव्ह?" एवढं विचारलं की त्यालाही कळतं काय परत सांगायचं ते, नाहीतर तो बिचारा अख्खं वाक्य पुन्हा तसंच म्हणणार.

कानसेन
वन फाइव्हवालं भारी आहे. पुढच्या कॉलला आकडे आधी चॅटमध्ये टाकायला सांगतो, फक्त त्यालाच नाही, सगळ्यांनाच.