व्हिला-लोबोस: शोरो अस्सल, बाखचं लेबल कशाला?

तिसरासूर
ब्राझीलचा संगीतकार हेइतोर व्हिला-लोबोस (१८८७-१९५९) म्हटलं की बहुतेकांची गाडी 'बाखियानास ब्राझिलेइरास'च्या पाचव्या रचनेवर येऊन थांबते. आठ चेलो (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ), एक सोप्रानो (उंच पट्टीतली गायिका), डोळे मिटून डोलणारे श्रोते. माझं मत सरळ सांगतो: १९२०च्या दशकातल्या 'शोरोस' मालिकेत (शोरो म्हणजे रिओतलं रस्त्यावरचं वाद्यसंगीत) हा माणूस कुणाच्या बापाला भीत नव्हता. पुढे १९३० ते ४५ या काळातल्या नऊ बाखियानासमध्ये त्याने तोच माल बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं लेबल लावून खपवला.

पुरावा म्हणून 'शोरोस क्र. १०' (१९२६) ऐका. जेमतेम बारा-तेरा मिनिटांची रचना. बराच वेळ नुसता वाद्यवृंद, त्यात पक्ष्यांच्या हाका. मग कोरस घुसतो. शब्द नाहीतच, आदिवासी बोलीच्या थाटातली अक्षरं आहेत आणि गळे ताशासारखे वाजतात. त्या कल्लोळावर रिओतली एक जुनी हळवी चाल तरंगत येते. कुणी कुणासाठी आवाज कमी करत नाही! बाखियानासमध्ये मात्र सगळे कसे रांगेत उभे.

चेलोवाली
साफ असहमत. तुम्ही क्र. ५च्या पुढे-मागे काही ऐकलंय का, अशी शंका येते. बाखियानास क्र. १, निव्वळ चेलोंसाठी. शेवटच्या भागाला दोन नावं आहेत: 'फ्यूग' आणि कंसात 'गप्पा'. सातिरो बिल्यार नावाच्या रिओतल्या शोरो वादकाच्या ढंगात तो लिहिलाय. चार वादक एकमेकांचं वाक्य तोडत बोलताहेत, अशी कल्पना. फ्यूगमध्ये तरी दुसरं काय असतं? एक जण विषय काढतो, दुसरा तो उचलतो, तिसरा मध्येच तोंड घालतो. त्याला बाख आणि शोरो यांत नातं दिसलं, ते त्याने वाजवून दाखवलं. याला लेबल म्हणत नाहीत.

आणि क्र. ५मध्ये 'डोळे मिटण्याआधी' खालचे चेलो ऐका. गज बाजूला ठेवून तारा छेडताहेत. ती गिटार आहे, रस्त्यावरची.

ठेकेदार
दोघेही सुरांवर भांडताय. मूळ मुद्दा लयीचा आहे. शोरोमध्ये एका मात्रेचे चार भाग धरा. आघात पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यावर. कागदावर लिहायला सोपं आहे. पण पांदेइरो (खंजिरीचा ब्राझिलियन भाऊ) वाजवणारा हे चार भाग कधीच समान ठेवत नाही, किंचित झोका देतो. तो झोका नोटेशनमध्ये येत नाही. मग कुठलातरी युरोपियन वाद्यवृंद ते इस्त्री केल्यासारखं सपाट वाजवतो आणि आपण 'वा, काय लोकलय!' म्हणतो. माझ्या मते बाखियानास क्र. २मधली आगगाडी त्यामुळेच सगळ्यांना जमते. तिथे गाडीच्या चाकांची लय आहे. चाकं झोका देत नाहीत.

नाव_काय_ठेवू
धागाकर्ते 'रिओतली एक जुनी हळवी चाल' म्हणून मोकळे झाले. त्या चालीला मालक आहे हो. आनाक्लेतो दे मेदेइरोस, रिओच्या अग्निशमन दलाच्या बँडचा प्रमुख, १९०७ साली वारला. चाल त्याची, 'यारा'. तिच्यावरचे शब्द कातुलो दा पायशाँव सेआरेन्से या कवीचे. त्या शब्दांच्या हक्कावरून पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि कोरसला ते सोडून नुसते स्वर गायची पाळी आली.

'शोरोस क्र. ३'मध्ये पारेसी आदिवासींचं गाणं आहे. ते रोकेत-पिंतो या मानववंशशास्त्रज्ञाने जंगलात जाऊन ध्वनिमुद्रित केलं होतं. पॅरिसमध्ये मात्र व्हिला-लोबोसच्या नावावर नरभक्षकांच्या तावडीतून सुटल्याच्या थापा फिरत होत्या. धीट होता, मान्य. पण कुणाच्या जिवावर?

तिसरासूर
@नाव_काय_ठेवू, थापा मारायचा हे जगजाहीर आहे. पण तो पोरवयापासून शोरोवाल्यांच्या टोळक्यात गिटार घेऊन बसायचा. 'शोरोस क्र. १' एकट्या गिटारसाठी आहे आणि एर्नेस्तो नाझारेत या रिओतल्या पियानोवादक-संगीतकाराला अर्पण केलाय. हा त्यांच्यातलाच होता.

@चेलोवाली, फ्यूगचा मुद्दा बिनतोड. तरी विचारतो, ती शिस्त नेमकी १९३०च्या दशकातच का सुचली? ब्राझीलचा सत्ताधीश व्हर्गास याची राजवट, शाळाशाळांतून सामूहिक गायनाची मोहीम, ती चालवणारे हेच महाशय. १९४० साली रिओच्या स्टेडियममध्ये सुमारे ४०,००० मुलांना एका सुरात गायला लावलं. त्याच हाताने बाखियानास लिहिली.

चेलोवाली
तारखा बघा की जरा. पहिल्या दोन बाखियानास १९३०च्या, आणि व्हर्गास सत्तेवर आला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात. सरकारी गायनाचा राग बाखियानासवर काढू नका.

नाव_काय_ठेवू
'त्यांच्यातलाच होता' म्हणजे चाल घ्यायला परवानगी लागत नाही, असं समजायचं का?

ठेकेदार
शोरोवाले एकमेकांच्या चाली वाजवतच मोठे झाले, फक्त त्यांच्या घोळक्यात प्रकाशक नव्हता. तिसरासूर, 'शोरोस क्र. १'चं एखादं ब्राझिलियन गिटारवाल्याचं आणि एखादं युरोपियनाचं ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐका. पहिल्या तीन सुरांतच कळेल मी कशाबद्दल बोंबलतोय.