ग्रँड थेफ्ट ऑटो (१९७७): सगळं घरचंच कार्य

या सिनेमाबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'गाड्या आपटण्यापलीकडे यात काही नाही, पडेल नटाने दिग्दर्शनाची हौस भागवली'. पहिलं मान्य, कथा पोस्टकार्डावर मावेल एवढीच आहे. बापाची रोल्स-रॉइस घेऊन पोरगी प्रियकराबरोबर लास व्हेगासला लग्नाला निघते आणि अर्धं गाव मागे लागतं, संपलं! पण दिग्दर्शक रॉन हॉवर्डला 'पडेल नट' म्हणणं काही पटलं नाही. तो तेव्हा 'हॅपी डेज' या मालिकेमुळे टीव्हीवर घराघरात पोचला होता. त्याला हवं होतं दिग्दर्शन. निर्माता रॉजर कॉर्मन पक्का व्यापारी. आधी माझ्या 'ईट माय डस्ट'मध्ये (१९७६) काम कर, मग बघू, असा सौदा झाला.

बजेट जेमतेम सहा लाख डॉलर. मग काय, पटकथा बापलेकांनी मिळून लिहिली, वडील रॅन्स आणि भाऊ क्लिंट दोघेही पडद्यावर. पाठलाग अंगावर येतो त्याचं बरंचसं श्रेय मी संकलकाला देईन. तो होता जो डान्टे, पुढे 'ग्रेमलिन्स' हा सिनेमा करणारा. शेवटच्या डर्बीत, म्हणजे गाड्या एकमेकींवर आपटायच्या खेळात, त्या रोल्सचे जे हाल होतात ते बघताना मात्र जीव तुटतो हो.