आयर्लंडच्या पवित्र झऱ्यांवरच्या चिंध्या: काढाव्यात की राहू द्याव्यात?

रानवेल: आयर्लंडच्या डनिगॉल परगण्यात किलमॅक्रेननजवळ डूनचा झरा आहे. भाविक तिथे अनवाणी जातात, बाटलीत पाणी भरून नेतात, शेजारच्या झुडपांना चिंध्या बांधतात. मूळ रीत अशी की आजाऱ्याच्या कपड्याची चिंधी झऱ्यात भिजवायची, दुखऱ्या जागेवर फिरवायची आणि फांदीला बांधायची. चिंधी कुजेल तसं दुखणं उतरतं, असा समज. आता अशा झऱ्यांवर नायलॉनच्या फितीही बांधतात. त्या कुजणार कधी? फांदी जाड होते तशी फीत सालीत रुतते, पुढचा भाग वाळतो. न कुजणारं सगळं कापून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोगरा: अजिबात पटलं नाही. दुसऱ्याची चिंधी सोडणाऱ्याला ते दुखणं लागतं, असा तिथला जुना समज आहे. त्यामागे शहाणपण आहे: दुसऱ्याच्या नवसाला हात लावू नये. लिस्कॅनरला, मोहरच्या कड्यांजवळ, संत ब्रिजिडच्या झऱ्याकडे जाणारी अरुंद वाट मी पाहिली आहे. दोन्ही बाजूंना जपमाळा, मूर्ती, गेलेल्या माणसांचे फोटो. ओलीने काही चेहरे पुसट झालेले. यातला कचरा कुठला, हे तुम्ही ठरवणार?

रानवेल: फोटोंना कोण हात लावतंय! मी झाडाबद्दल बोलतोय. झाडच वाळलं तर पुढच्या आजाऱ्याने चिंधी बांधायची कुठे?

सह्यवारा: थोडा इतिहासही बघा. तेव्हाच्या प्रॉटेस्टंट सरकारच्या 1704 च्या कायद्याने झऱ्यांवर जमणाऱ्या कॅथलिकांना 10 शिलिंग दंड होता, न भरल्यास फटके. पुढे 19व्या शतकात दारू आणि मारामाऱ्यांमुळे खुद्द कॅथलिक पाद्र्यांनीच कित्येक झऱ्यांवरच्या जत्रा मोडून काढल्या. तरी लोक जात राहिले. त्यामुळे बाहेरच्या कुणी कात्री घेऊन जाणं मला खटकतं. झरा सांभाळणाऱ्या गावकऱ्यांनी ठरवावं.

रानवेल: हे मान्य. कात्री गावकऱ्यांच्याच हाती हवी. पण पर्यटक हौसेने काहीबाही बांधून जातात, त्याला नवस म्हणायचं का? ना आजारी माणूस, ना त्याचं कापड, ना झऱ्याचं पाणी.

मोगरा: आणि त्याच फांदीवर एखाद्या आईने आजारी लेकरासाठी केसांची रिबीन बांधली असेल तर? तीही नायलॉनचीच असणार. बघून कळेल का कुणाला? गावकऱ्यांनीसुद्धा फांदी आवळणारी गाठ फक्त सैल करावी. काढू नये.