पदराची उलटी बाजू
मैत्रिणींसोबत हस्तकला पाहायची तर पुण्या-मुंबईचे प्रदर्शनच गाठावे लागते, असे काहीजण म्हणतात, पण मला ते पटत नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठण जेमतेम ५० किलोमीटरवर आहे, आणि आम्ही चौघी वर्षातून एकदा तरी तिकडे जातो.

तिथे मागावर रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या हातानेच ताण्याच्या (उभ्या) धाग्यांतून फिरवत विणकर पैठणी साडीच्या पदरावरचा मोर उभा करतो, आणि मागे लोंबते धागे राहत नसल्यामुळे तो पदर उलट बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो; खरेदीपूर्वी पदर उलटून पाहावा, हे मी तिथेच शिकले. घाई असेल तर संभाजीनगर शहरातच सुती ताणा आणि रेशमी बाणा (आडवे धागे) यांचे हिमरू कापड पाहता येते, त्याची शाल पैठणीपेक्षा खिशाला परवडतेही.

गाण्यांच्या यादीवरून मात्र आमचे दरवेळी वाजते. आता जाताना भारुडे आणि गवळणी, येताना गझला असा तह झाला आहे (आमच्यातल्या चौथ्या मैत्रिणीला दोन्ही आवडत नाहीत, म्हणून गाडी तीच चालवते). पावसाळ्यानंतर गेल्यास पैठणच्या जायकवाडी धरणाचे भरलेले पाणीही पाहून घ्यावे.