चौदाव्या शतकातील युरोपीय जेवण घरच्या शेगडीवर आणि ओव्हनमध्ये कसे करावे?

प्रश्न — वाचकगटाचा आचारी

आमच्या इतिहास वाचकगटात चौदाव्या शतकातील युरोपवर चर्चा ठरली असून त्या दिवशीचे जेवणही त्याच काळाला धरून असावे, असे सर्वांचे म्हणणे पडले आहे. स्वयंपाकाची जबाबदारी माझ्याकडे आहे. गॅसची शेगडी आणि मध्यम आकाराचा विजेचा ओव्हन एवढीच साधने आहेत, आणि जेवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शाकाहारी आहेत. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी सुमारे १३९० मध्ये सिद्ध केलेला ‘फॉर्म ऑफ क्युरी’ हा संग्रह मी चाळला. परंतु त्यात प्रमाणे नाहीत, वेळ नाही आणि आचेचा उल्लेखही क्वचितच आढळतो. अशा कृतींवरून प्रत्यक्ष पदार्थ कसा उभा करावा? पाव कोणता करावा? कोणते जिन्नस कटाक्षाने टाळावेत? शिवाय, खराब झालेल्या मांसाचा वास झाकण्यासाठी त्या काळी भरमसाट मसाले घालत असत, असे वारंवार वाचनात येते. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर १ — जुनी हस्तलिखिते

प्रथम हे ठरवा की जेवण कोणाचे आहे. तुम्ही चाळलेला संग्रह राजाच्या मुदपाकखान्यातला आहे. त्यातील केशर, साखर, बदाम आणि तांदूळ इंग्लंडमधल्या सामान्य शेतकऱ्याच्या घरी नित्य शिजत होते, असे समजणे चुकीचे ठरेल. शेतकऱ्याचे रोजचे अन्न म्हणजे जाडाभरडा पाव, एल (धान्य आंबवून केलेली बिअर) आणि ‘पॉटेज’, अर्थात धान्य, वाटाणे, कोबी, कांदा, लीक (कांद्याच्या जातीची लांब पातीची भाजी) असे जे हाताशी असेल ते एका भांड्यात मंद आचेवर शिजवलेले दाटसर मिश्रण. दोन्ही घरांचे पदार्थ एकाच ताटात वाढलेत तरी हरकत नाही. मात्र कोणता पदार्थ कोठला, हे जेवणाऱ्यांना सांगायला हवे.

प्रमाणांचा अभाव ही त्या ग्रंथांची उणीव मानू नका. ते लिहिणारे आणि वापरणारे व्यावसायिक आचारी होते. मीठ किती आणि पाणी किती, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. वेळ मोजायला घड्याळाऐवजी प्रार्थना वापरली जाई, म्हणजे अमुक प्रार्थना एकदा म्हणून होईपर्यंत ढवळावे, अशा सूचना त्या काळच्या कृतींत भेटतात. त्यामुळे कृतीतील शेवटच्या अवस्थेचे वर्णन नीट वाचावे. ‘कापता येईल इतके घट्ट’ किंवा ‘दाणे फुटायला येईपर्यंत’ असे शब्द हेच त्या आचाऱ्याचे खरे माप आहे, आणि आपण प्रमाण मागे मागे जात त्यावरून ठरवायचे असते.

टाळण्याच्या जिनसांत सर्वांत आधी अमेरिका खंडातून १४९२ नंतर आलेले सर्व काही येते : बटाटा, टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, मका, भोपळ्याचे बहुतेक प्रकार, व्हॅनिला, चॉकलेट. राजमा आणि श्रावणघेवडाही त्यातच मोडतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यांच्या जागी बाकला (ब्रॉड बीन्स), वाटाणे किंवा भूमध्य समुद्राकाठी परिचित असलेले छोले वापरावेत. नारिंगी गाजर नंतरचे आहे, म्हणून जांभळे, पिवळे किंवा पांढरे मिळाले तर उत्तम. बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर एकोणिसाव्या शतकातील आहेत. लोणी आणि मैदा परतून रस दाट करण्याची रीतही त्या काळची नव्हे; दाटपणासाठी पावाचा चुरा, वाटलेले बदाम किंवा अंड्याचा बलक घालत असत.

मसाल्यांविषयीची ती कथा मात्र निखालस खोटी आहे. मिरे, लवंग, जायफळ ही मलबारपासून किंवा त्याहीपलीकडून अनेक हात बदलत येत आणि मांसापेक्षा कितीतरी महाग पडत. ज्याला ते परवडत, त्याला ताजे मांस सहज परवडत असे. मसाला हे ऐपतीचे प्रदर्शन होते, आणि वैद्यकातील उष्ण-शीत प्रकृतीच्या कल्पनांशीही त्याचा संबंध होता. पॅरिसमधील एका वयस्क गृहस्थाने तरुण पत्नीसाठी १३९३ च्या सुमारास लिहिलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात मसाल्याच्या चूर्णाचे प्रमाण चक्क वजनासह दिले आहे : सुंठ सर्वाधिक, दालचिनी आणि साखर प्रत्येकी तिच्या जवळपास चौथा भाग, आणि लवंग व पश्चिम आफ्रिकेतून येणारे ‘ग्रेन्स ऑफ पॅराडाइज’ हे दाणे दालचिनीच्या निम्मे निम्मे. ते दाणे मिळाले नाहीत तर थोडे मिरे आणि किंचित वेलदोडा चालेल. पिंपळी, कंकोळ आणि कुलिंजनही त्या काळच्या युरोपीय स्वयंपाकघरात होते, हे वाचून गटातील काहींना नवल वाटेल.

उत्तर २ — आंबलेले पीठ

मी केवळ पावापुरते लिहितो. स्वयंपाकाच्या हस्तलिखितांत पावाची कृती जवळजवळ सापडत नाही, कारण शहरांतून पाव भाजणे हा स्वतंत्र, परवानाबद्ध धंदा होता. पावाविषयी आपल्याला जे कळते, त्यातील बरेचसे कायदे आणि हिशेब यांतून कळते. इंग्लंडमधील पाव व एल यांच्या नियमनाचा, सामान्यतः १२६६ चा मानला जाणारा कायदा पाहा : त्यात पावाची किंमत ठरलेली असे आणि गव्हाचा भाव चढेल तसे पावाचे वजन घटत जाई. वजनात मारणाऱ्याला दंड होई, वारंवार मारणाऱ्याला चारचौघांत खोड्यात उभे केले जाई.

तुमच्यासाठी गहू आणि राय (गव्हासारखे एक युरोपीय धान्य) यांच्या मिश्र पिठाचा पाव सर्वांत योग्य वाटतो, कारण ही दोन्ही धान्ये एकत्र पेरून एकत्रच दळण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. पीठ दगडी जात्यावर दळलेले घ्या. पोलादी रूळांच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकातल्या; त्यांचा पांढरा मैदा येथे अगदी परका दिसेल. गव्हाचे पीठ पातळ कापडातून चाळून जाड कोंडा काढा, म्हणजे मध्यम दर्जाच्या पावाचे पीठ हाती येते.

३५० ग्रॅम गव्हाचे पीठ, १५० ग्रॅम राय, १०० ग्रॅम जिवंत आंबवण (पीठ व पाणी आंबवून तयार केलेले खमीर), ९ ग्रॅम मीठ आणि साधारण ३३० मिलिलिटर पाणी घ्या. राय पाणी अधिक पिते, म्हणून शेवटचे थोडे पाणी राखून ठेवा. आंबवण नसेल तर चिमूटभर यीस्ट घालून पीठ रात्रभर थंड जागी ठेवावे. त्या काळीही एलच्या पिंपावर येणारा फेस खमिरासाठी वापरत असत, तेव्हा यीस्ट म्हणजे भेसळ नव्हे. लाकडाच्या भट्टीत आधी आत जाळ करून भिंती तापवत, निखारे ओढून काढत आणि मग उतरत्या उष्णतेवर पाव भाजत. विजेच्या ओव्हनमध्ये त्याचे अनुकरण सोपे आहे : झाकणाचे जड भांडे आत ठेवून २३० अंशांपर्यंत तापवा, पाव घालून २० मिनिटे भाजा, मग झाकण काढून २०० अंशांवर आणखी २५ ते ३० मिनिटे ठेवा. तळाला बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. रायमुळे आतला भाग चिकट असतो. दुसऱ्या दिवसापर्यंत न कापणेच बरे.

उत्तर ३ — उपवासाची पंगत

पहिल्या उत्तरातील राजा आणि शेतकरी ही विभागणी योग्य असली, तरी मला ती थोडी ताठर वाटते. त्याच राजदरबारी संग्रहात तळलेल्या बाकल्याची कृती आहे, आणि तिच्यात राजेशाही असे केवळ वरून भुरभुरायचे गोड मसाल्याचे चूर्ण आहे. बाकला दाणे फुटायला येईपर्यंत शिजवा, पाणी पिळून काढा, उकडून चिरलेला कांदा व लसूण घाला आणि तेलात परता. चूर्ण वगळलेत की हा पदार्थ कोणत्याही झोपडीत शोभेल.

शाकाहारी पाहुण्यांची चिंता करू नका. चर्चच्या नियमांनुसार वर्षातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दिवस मांस वर्ज्य होते, आणि ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासात दूध व अंडीही चालत नसत. मासे चालत, हे खरे. परंतु बदामाच्या दुधाची एवढी भरभराट झाली ती या निर्बंधांमुळेच. सोललेले बदाम पाण्याबरोबर वाटून गाळून घ्या आणि त्यात आधी पाण्यात शिजवलेला भरडलेला गहू केशर घालून घट्ट करा. ‘फ्रुमेंटी’ तयार होते. कोबीच्या पॉटेजसाठी कोबीचे चार भाग, बारीक कांदा, लीकचा पांढरा भाग, केशर आणि मीठ पुरे. मूळ कृतीतल्या मांसाच्या रसाऐवजी वाटाणे शिजवलेले पाणी घ्या. उपवासाच्या दिवशी त्या काळचे आचारीही तेच करत.

गोडासाठी ओव्हनची गरजच नाही. पंधराव्या शतकातील एका इंग्लिश हस्तलिखितात जिंजरब्रेडची कृती आहे : मध उकळून वरचा फेस काढावा, केशर व मिऱ्याची पूड घालावी, आणि कापता येईल इतके घट्ट होईपर्यंत पावाचा चुरा मिसळावा. आले किंवा सुंठ त्यात मुळीच सांगितलेली नाही! एक वाटी मधाला कोरडा चुरा अडीच ते तीन वाट्या लागतो, पण तो थोडा थोडा घाला आणि मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागले की थांबा. थापून, वर दालचिनी भुरभुरून, गार झाल्यावर चौकोनी तुकडे करा. लाल रंगासाठी रक्तचंदन घालण्याची सूचना मूळ कृतीतच आहे. सजावटीसाठी लवंगेने टोचायला सांगितलेली बॉक्स झुडपाची पाने मात्र विषारी असतात, ती घेऊ नका.

प्रश्नकर्त्याची विचारणा — वाचकगटाचा आचारी

तिघांचेही आभार. बाकला, कोबीचे पॉटेज, मिश्र पिठाचा पाव आणि जिंजरब्रेड असे ठरवतो. ताटांऐवजी पावाचे जाड काप वापरत असत, ते करून पाहावे का?

उत्तर — जुनी हस्तलिखिते

जरूर करावे, परंतु ताजा पाव वापरू नका. तो रसाने लगेच विरघळेल. मी उल्लेखिलेल्या पॅरिसच्या पुस्तकात या कामासाठी चार दिवस आधी भाजलेला, अर्धा फूट रुंद आणि चार बोटे उंच पाव मागवलेला आहे. तेव्हा चाळताना निघालेला कोंडा घालून एक वेगळा, जाडसर पाव आधीच भाजून ठेवा आणि त्यावर बाकला वाढा. पॉटेजला मात्र वाडगा आणि लाकडी चमचाच हवा.